जाहीर माफी कशी वाचावी: आधी क्रियापद, चेहरा शेवटी

सप्टेंबर आला की सातारा-सांगली पट्ट्यात कारखाने, दूध संघ आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभांचे मांडव पडतात. अध्यक्ष उठतात, हात जोडतात, ‘काही उणंदुणं झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला’ म्हणतात, टाळ्या पडतात आणि पुढचा विषय पुकारला जातो. निवडणूक लागली की आणखी एक प्रकार दिसतो. रात्रीच्या सभेत कुणाचा तरी तोल सुटतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिलगिरीचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर येतो. मग पारावर, एसटी स्टँडवर, घरात एकच चर्चा: मनापासून मागितली, की कुणीतरी पाठ करून घेतली?

या प्रश्नात एक घोळ आहे आणि तो आधी सोडवायला हवा. पाठ केलेली माफी खोटीच असते, हे खरं नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ याच गावात रंगभूमीवर आणलं. तालमीनं भाव खोटा होत नाही, हे इथल्या प्रेक्षकाला निराळं सांगायला नको. ज्याला आपल्या चुकीचं ओझं वाटतं तो माणूससुद्धा चार वेळा लिहून खोडतो, बायकोला वाचून दाखवतो, कागद हातात धरून बोलतो. उलट, ज्याला काहीच वाटत नाही असा सराईत वक्ता एकही चिठ्ठी न घेता डोळ्यांत पाणी आणून दाखवू शकतो. म्हणून ‘तयारी केली होती का’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. माफीत त्यानं काय कबूल केलं, कुणापुढं केलं आणि त्यासाठी स्वतःच्या पदरचं काय मोजलं, हे तपासायचं. ते तपासता येतं. मनात काय होतं ते येत नाही.

लागणारं सामान आणि वेळ

एक वही, दोन रंगांची पेनं, आणि माफीचा मूळ, अखंड मजकूर. व्हॉट्सअॅपवर फिरणारी तीस सेकंदांची फीत चालणार नाही. विरोधकानं कापलेल्या फितीत बहुतेक वेळा ‘पण’नंतरचा भाग असतो आणि समर्थकानं कापलेल्या फितीत ‘पण’च्या आधीचा. संबंधित माणसाच्या किंवा संस्थेच्या अधिकृत पानावरचा व्हिडिओ, पत्रकार परिषदेचं पूर्ण चित्रण किंवा सहीशिक्क्याचं पत्रक मिळवा. पहिल्या वाचनाला पाऊण तास लागतो. पुढची तपासणी तीन महिने चालते, पण त्यात एकूण काम दोन-तीन तासांचंच आहे.

पहिली पायरी: माफी बाजूला ठेवा, चूक लिहा

माफी ऐकण्याआधी वहीत एक वाक्य लिहायचं: कुणी, कुणाचं, काय, किती आणि केव्हा. हे आधी लिहिलं नाही तर माफी मागणारा स्वतःच चुकीची व्याख्या करतो आणि आपण त्याच्या मापानं मोजायला लागतो. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

उशिरा मिळालेल्या ऊसबिलाचं उदाहरण घ्या. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दराची, रक्कम द्यायची असते आणि उशीर झाला तर त्या काळाचं वार्षिक १५ टक्क्यांनी व्याज. समजा एका शेतकऱ्याचा ४० टन ऊस १२ डिसेंबरला गेला. दर टनाला ३,२०० रुपये धरला तर बिल झालं १,२८,००० रुपये. मुदत २६ डिसेंबरला संपली, पैसे आले २० फेब्रुवारीला. म्हणजे ५६ दिवस उशीर. १५ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे २,९४६ रुपये.

आता वहीतलं वाक्य असं होईल: ‘कारखान्यानं बिल ५६ दिवस उशिरा दिलं, त्याचं २,९४६ रुपये व्याज दिलेलं नाही.’ हे वाक्य समोर ठेवून अध्यक्षांची माफी ऐका. ‘बाजारातल्या परिस्थितीमुळे सभासदांची जी गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहे’ हे वाक्य कानाला गोड लागतं, पण त्यात ५६ दिवस नाहीत, व्याजही नाही, आणि चूक तर बाजाराची झाली आहे.

पुराच्या वेळी सूचना उशिरा मिळाली, अशी तक्रार असेल तरी हेच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ४० फुटांवर किती वाजता गेलं आणि गल्लीत भोंगा किती वाजता फिरला, हे दोन आकडे लिहिले की ‘पूर्वसूचनेत काही त्रुटी राहिल्या’ या वाक्याचा पोकळपणा आपोआप कळतो.

भाषणातल्या अपशब्दाबद्दल माफी असेल तर मूळ शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही घाण वाटले तरी. माफीत ते शब्द किंवा त्यांचा नेमका आशय येतो का, ते पुढं बघायचं आहे.

दुसरी पायरी: शब्द न् शब्द उतरवून काढा

व्हिडिओ चालू करून फोन पालथा ठेवा. फक्त ऐका आणि लिहा. थांबणं, अडखळणं, पुन्हा म्हणणं, सगळं. तीन मिनिटांच्या माफीला वीस मिनिटं लागतात. चेहरा मुद्दाम टाळायचा, कारण आवडत्या माणसाचा चेहरा दिसला की कान सैल होतात.

तिसरी पायरी: क्रियापदाला धरा

खरा ऐवज इथं आहे. मराठीत जबाबदारी उचलण्याचे आणि खाली ठेवण्याचे दोन्ही मार्ग व्याकरणातच आहेत. एका रंगानं प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा आणि दुसऱ्या रंगानं त्याचा कर्ता. कर्ता सापडला नाही तर तिथं मोकळा गोल काढा.

‘मी चूक केली’ यात करणारा आहे. ‘माझ्याकडून चूक झाली’ यात माणूस आहे, पण चूक त्याच्या हातून निसटून गेल्यासारखी. ‘चूक झाली’ यात माणूसच नाही. ‘झालेल्या प्रकाराबद्दल’ म्हटलं की चूकसुद्धा गेली, फक्त प्रकार उरला. तसंच बोलण्याचं: ‘मी बोललो’, ‘माझ्या तोंडून गेलं’, ‘बोललं गेलं’, ‘ते वक्तव्य समाजमाध्यमांत आलं’. प्रत्येक पायरीवर माणूस एक पाऊल मागं सरकतो.

नामांचीही अशीच उतरंड आहे. ‘खेद वाटतो’ यात भावना आहे, अपराध नाही. पाऊस पडला नाही याचाही खेद वाटू शकतो. ‘दिलगिरी व्यक्त करतो’ ही सरकारी पत्रातली भाषा, गाडी उशिरा आली तरी वापरली जाते. ‘माफी मागतो’ म्हटलं की समोर कुणीतरी देणारा उभा राहतो आणि नाकारण्याचा हक्कही त्याच्याकडं जातो. हा फरक किती मोठा असू शकतो ते जालियनवाला बागेच्या बाबतीत दिसलं. हत्याकांडाला शंभर वर्षं होण्याच्या तोंडावर, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यांच्या संसदेत खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. दोन्ही शब्दांना सरकारी पातळीवर निरनिराळी किंमत असते, म्हणूनच एक निवडला आणि दुसरा टाळला.

आता पळवाटांचे शब्द. हे दिसले की समासात फुली मारा:

– ‘भावना दुखावल्या असतील तर’. दुखावल्या की नाही हेच अजून ठरलेलं नाही, असं हे वाक्य म्हणतं. मोर्चा निघून गेल्यावरही ‘असतील तर’ म्हणणारा माणूस मोर्चाकडं बघायला तयार नाही.
– ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला, तरीही’. यात गुन्हेगार पत्रकार ठरतो आणि माफी मागणारा उदार.
– ‘पण’. ‘पण’च्या पुढचा मजकूर मागच्यापेक्षा लांब असेल तर ते स्पष्टीकरण आहे, माफी नव्हे.
– ‘जाणते-अजाणतेपणी’, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. लग्नाच्या पंगतीत शोभणारे शब्द. ठरावीक माणसाचं ठरावीक नुकसान झालं असताना ते धुरळा उडवतात.
– ‘माझ्या घराण्याचा इतिहास बघा’. चूक पणजोबांनी केलेली नव्हती आणि पणजोबांच्या पुण्याईतून ती वळतीही होत नाही.

इथं एक सावधगिरी, आणि ती महत्त्वाची आहे. हे व्याकरण छापील पत्रकाला आणि सरावलेल्या वक्त्याला लावायचं, साध्या माणसाच्या बोलण्याला आंधळेपणानं नाही. माणदेशातला किंवा जतकडचा एखादा सरपंच ‘चुकलं बगा आमचं, पदरात घ्या’ म्हणतो तेव्हा त्यात ‘मी’ नाही, ‘केली’ नाही, आणि ‘आमचं’ हे अनेकवचन आहे. तरीही ती पुरी कबुली असते. ते ‘आमचं’ जबाबदारी वाटून टाकणारं नसून नम्रतेचं आहे. फरक कळायचा असेल तर तोच माणूस श्रेय घेताना काय म्हणतो ते ऐका. रस्ता झाला तेव्हा ‘मी केला’ आणि गटार तुंबलं तेव्हा ‘आमच्याकडून राहिलं’ असेल, तर अनेकवचन सोयीचं आहे. दोन्हीकडं ‘आमी’ असेल तर ती त्याची बोलीच आहे.

‘जर-तर’च्या बाबतीतही एकाच शब्दावर निकाल देऊ नका. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदासुद्धा सांगतो की आरोपीनं प्रामाणिकपणे मागितलेली माफी केवळ सशर्त आहे म्हणून फेटाळू नये. कायदा जिथं थांबून विचार करतो तिथं आपणही करावा. तीन फुल्या एकाच माफीत आल्या की मात्र शंका घ्यायला जागा आहे.

चौथी पायरी: सहा घटक शोधा, पण सारखे मोजू नका

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक धरले होते: पश्चात्तापाचे शब्द, काय बिघडलं त्याचं स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. लोकांच्या लेखी सगळ्यात जास्त वजन जबाबदारीच्या कबुलीला आलं, त्याखालोखाल भरपाईला. ‘मला क्षमा करा’ या याचनेचा भाव सगळ्यात कमी.

आपल्याकडच्या बहुतेक जाहीर माफ्यांत हे उलटं असतं. याचना भरपूर, हात जोडणं भरपूर, कान पकडणंसुद्धा, आणि भरपाईचा शब्द नाही. म्हणून वहीत आधी दोनच प्रश्न लिहा: जबाबदारी घेतली का? आणि नुकसान भरून देण्याची रक्कम, तारीख किंवा कृती सांगितली का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर उरलेले चार घटक सजावटीचे आहेत.

‘पुन्हा असं होणार नाही’ या वाक्याला थोडं खरवडून बघा. कशामुळं होणार नाही? चुकीचं कारण सांगितलं नसेल तर ती टाळण्याची ग्वाही कशाच्या जोरावर देणार? ‘टाकीची साफसफाई तीन महिन्यांनी व्हायची ती दर महिन्याला होईल आणि नोंदवही पंचायतीच्या फलकावर लावू’ ही ग्वाही आहे. ‘योग्य ती खबरदारी घेऊ’ ही नाही.

पाचवी पायरी: कुणापुढं, कुठं आणि केवढ्या आवाजात

माफी ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढं मागायची असते. ऐकायला सोपी गोष्ट, पण सगळ्यात जास्त वेळा हीच चुकते. प्यायच्या पाण्याचा घोळ एका वॉर्डात झाला आणि माफी जिल्ह्याच्या पत्रकार परिषदेत मागितली गेली, तर ती वॉर्डातल्या माणसांना मिळालेली नाही.

कॅनडाचं उदाहरण यासाठी फार नेमकं आहे. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ या जहाजातले ३७६ भारतीय प्रवासी, बहुतेक शीख, व्हँकुव्हरच्या बंदरात अडवले गेले आणि बहुतेकांना परत पाठवलं गेलं. २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरे शहरातल्या एका मेळाव्यात माफी मागितली. तिथल्या शीख समाजातल्या अनेकांनी ती जागच्या जागी नाकारली, कारण अन्याय देशाच्या कायद्यानं केला होता आणि माफी बागेतल्या व्यासपीठावरून येत होती. शेवटी १८ मे २०१६ रोजी जस्टिन ट्रुडो यांनी ती संसदेत मागितली. या वेळी जागा बदलली होती.

आकाराचाही हिशोब असतो. पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये आधी प्रतिज्ञापत्रातली माफी नाकारली. मग कंपनीनं ६७ वृत्तपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं की हा तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढाच मोठा आहे का. दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा छापून आला. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचं प्रकरण बंद झालं. न्यायालयाचं हे माप गावपातळीवरही वापरा: आरोप ज्या चौकात, ज्या भोंग्यावर, ज्या गटात केला, माफीही तिथंच आणि तेवढ्याच आवाजात आली का? राजवाड्यासमोरच्या सभेत केलेल्या बदनामीची माफी दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी दोन ओळींत आली, तर ती कायद्यापुरती आहे.

तारखांची एक रेघही काढा. चूक, पहिली तक्रार, बातमी, नोटीस, माफी. या पाच खुणा ओळीनं मांडा. माफी पहिल्या तक्रारीनंतर आणि बातमीच्या आधी आली असेल तर तिला वजन आहे. वकिलाच्या नोटिशीनंतर, मुदतीच्या शेवटच्या दिवशी आली असेल तर ती नोटिशीचं उत्तर आहे. दबावाखाली मागितली म्हणून ती निरर्थक ठरत नाही, नुकसान झालेल्याला तेवढ्यानं दिलासाही मिळत असेल, पण तिचं नाव वेगळं ठेवा.

सातारा जिल्ह्यातला एक प्रसंग या पायरीवर तपासून बघण्यासारखा आहे. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळाच्या ऐन झळीत, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणाच्या पाण्यावरून जे बोलले त्यावर राज्यभर संताप उसळला. त्यांनी माफी मागितली आणि १४ एप्रिलला कराडला, प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसून आत्मक्लेश केला. आपली पट्टी लावली तर काय दिसतं? माफीवर न थांबता स्वतःहून काही सोसण्याची तयारी दाखवली, ही जमेची बाजू. पण शब्द लागले होते सोलापूर भागातल्या दुष्काळी शेतकऱ्याला आणि आत्मक्लेशाची जागा, दिवस आणि रीत ठरवली माफी मागणाऱ्यानं. प्रायश्चित्त कुणी ठरवायचं हा प्रश्न साताऱ्याला जुना आहे. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आजही सांगितले जातात ते यासाठी की नारायणरावांच्या खुनाचं प्रायश्चित्त काय, हे त्यांनी राघोबादादांना स्वतः ठरवू दिलं नाही.

सहावी पायरी: आता चेहरा बघा, आणि त्यावर फार भिस्त ठेवू नका

‘मी माणूस डोळ्यांवरून ओळखतो’ असं म्हणणारा प्रत्येक गावात असतो. खोटं ओळखण्याच्या प्रयोगांचा एक मोठा एकत्रित आढावा बाँड आणि डीपॉलो या अभ्यासकांनी २००६ मध्ये घेतला. त्यात सुमारे २४ हजार लोकांचे निवाडे होते. बरोबर निघालेल्या निवाड्यांची सरासरी होती ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. नजर चुकवणं, नाकाला हात लावणं, घाम येणं या खुणांवर निकाल देऊ नका. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलेला खरा माणूसही हे सगळं करतो. रडण्याचंही तसंच. अश्रू स्वतःच्या पदासाठी असू शकतात.

तरीही दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पश्चात्तापाचं सोंग आणि खरा पश्चात्ताप यांची तुलना करणाऱ्या एका कॅनेडियन अभ्यासात (टेन ब्रिंक आणि सहकारी, २०१२) असं आढळलं की सोंग घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर भावना जास्त आणि भराभर बदलतात, दुःखावरून ते एकदम हसऱ्या भावावर उडी मारतात. खऱ्या पश्चात्तापात मध्ये कोरेपणा येतो, चेहरा काही क्षण रिकामा होतो. म्हणून माफी संपल्यानंतरची दहा सेकंदं बघा. कॅमेरा चालूच राहिला असेल तर ती मिळतात. ही खूण आधार म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची नाही, पण व्हिडिओतच सापडते: लेखक कोण? एरवी ‘मला काय ठावं न्हाय’ असं बोलणारा माणूस अचानक ‘सदर वक्तव्यामुळे निर्माण झालेल्या परिस्थितीच्या अनुषंगानं’ म्हणू लागला, तर मजकूर दुसऱ्याचा आहे. एकाच प्रकरणात तिघांनी माफी मागितली असेल तर तिघांचे मजकूर शेजारी शेजारी ठेवा. तेच वाक्य तिघांच्या तोंडी असेल तर ते एका टेबलावर तयार झालंय. यावरून खोटेपणा ठरत नाही. मात्र पुढची कसोटी आवश्यक होते.

ती कसोटी म्हणजे कागदाबाहेरचा प्रश्न. पाठांतर प्रश्नोत्तरांत टिकत नाही. पत्रकार परिषदेत किंवा सभेत संधी मिळाली तर हे तीन प्रश्न शांतपणे विचारा, आरोपाचा सूर न लावता:

‘साहेब, यात नेमकं कुणाचं काय नुकसान झालं, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’
‘हे होणार असं आधी कुणी लक्षात आणून दिलं होतं का? तेव्हा काय केलंत?’
‘उद्यापासून पहिलं काम कोणतं, आणि ते बघणार कोण?’

पहिल्या प्रश्नाला ‘सर्व सभासद बंधू-भगिनींचं’ असं उत्तर आलं तर त्यानं नुकसानीचा विचार केलेला नाही. दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड. ‘हो, अमुक विभागानं पत्र दिलं होतं, मी दुर्लक्ष केलं’ असं कुणी म्हणालं तर वहीत ते वाक्य चौकटीत लिहा. पत्रकात न आलेली आणि स्वतःला अडचणीत आणणारी माहिती स्वतःहून देणं, हा मनापासून असल्याचा सगळ्यात बळकट पुरावा आहे. कार्यक्रम ‘प्रश्न घेतले जाणार नाहीत’ म्हणून संपवला असेल तर तेही लिहा.

मध्येच एक अडसर: आपली बाजू

इथवर आल्यावर वहीतला मजकूर पुन्हा वाचा आणि माफी मागणाऱ्याच्या जागी विरुद्ध गटातल्या, विरुद्ध पक्षातल्या, दुसऱ्या जातीतल्या माणसाचं नाव घाला. निकाल बदलावासा वाटला तर फुल्या पुन्हा मोजा. शक्य असेल तर मजकूर नाव झाकून अशा कुणाला तरी वाचायला द्या ज्याचं त्या कारखान्यात ना शेअर आहे ना वैर.

ज्या माफीची पारख करायचीच नाही

जमावानं एखाद्या पोराला घेरून, हात जोडायला लावून, कधी उठाबशा काढायला लावून केलेला ‘माफीचा व्हिडिओ’ या तपासणीत बसत नाही. ओळखायच्या खुणा: बोलणाऱ्याची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कुणाकडं तरी पुन्हा पुन्हा जाते, मागून कुणीतरी शब्द सुचवतं, वाक्य अर्धवट राहिलं की दरडावणी ऐकू येते, पार्श्वभूमी घराची नसते. तिथं खरं-खोटं ठरवणं म्हणजे मारहाणीत सामील होणं आहे. पुढं पाठवू नका, स्टेटसला ठेवू नका. फीत जपून ठेवा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा ११२ वर कळवा. जातपंचायतीच्या दबावानं कुटुंबाला वाळीत टाकून, दंड लावून माफी मागायला लावली असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

सातवी पायरी: तीन महिन्यांचं कॅलेंडर

माफीच्या तारखेपासून चार खुणा करा.

दुसऱ्या दिवशी: तोच माणूस दुसऱ्या व्यासपीठावर काय बोलला? कार्यकर्त्यांपुढं ‘माफी मागायला लावली’ असं हसत सांगत असेल तर पुढची तपासणी करायची गरज नाही. त्याच्या जवळच्या लोकांनी तक्रारदाराला समाजमाध्यमांवर शिव्या घातल्या आणि त्यानं थांबवलं नाही, हेही नोंदवा.

पंधराव्या दिवशी: सांगितलेलं पहिलं काम सुरू झालं का? ऊसबिलाचं असेल तर व्याज खात्यावर आलं का ते पासबुकात बघा. सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभेचं इतिवृत्त, ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. थकबाकीची तक्रार पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडं करता येते, आणि एफआरपी थकवली तर आयुक्त महसुली वसुलीची कारवाई करू शकतात.

पंचेचाळिसाव्या दिवशी: माफी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेची असेल तर माहिती अधिकाराचं उत्तर हातात असायला हवं. त्यासाठी अर्ज माफीनंतर आठवड्याभरातच टाकावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि ‘कारवाई झाली का’ असं मोघम विचारू नका. ‘अमुक तारखेच्या जाहीर निवेदनानंतर काढलेल्या आदेशांच्या आणि खर्चाच्या मंजुरीच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. कागदच नसेल तर ‘आदेश उपलब्ध नाही’ असं लेखी येतं, आणि तो फार उपयोगी कागद असतो.

नव्वदाव्या दिवशी: तीच चूक पुन्हा झाली का? झाली असेल तर तेव्हाची माफी आणि आताची शेजारी ठेवा.

किंमत मोजण्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. राजीनामा आणि माफी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील यांनी २६/११ नंतरच्या आपल्या वक्तव्यावरून उठलेल्या वादळात १ डिसेंबर २००८ रोजी गृहमंत्रिपद सोडलं. किंमत मोठी होती यात शंका नाही. पण शब्दांचा विपर्यास झाला, असंही त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी निवडणुकीनंतर ते त्याच खात्यावर परत आले. अशा वेळी वहीत दोन रकाने करा: पद सोडलं का, आणि शब्द चुकीचे होते हे मान्य केलं का. एकाचं उत्तर दुसऱ्यात भरू नका.

न मागितलेल्या माफीचाही मान ठेवा. वकील प्रशांत भूषण यांनी २०२० मध्ये अवमान प्रकरणात माफी मागायला नकार दिला, मनात नसलेली माफी हाच आपल्या सदसद्विवेकाचा अवमान होईल असं सांगितलं, आणि ठोठावलेला एक रुपया दंड भरला. त्यांचं म्हणणं पटो न पटो, तोंडदेखल्या माफीपेक्षा हा नकार तपासायला सोपा आहे.

निकाल कसा लिहायचा

गुण देऊ नका. ‘दहापैकी सहा’ म्हटलं की कुठले चार कमी पडले ते कुणी वाचत नाही. एका वाक्यात लिहा: ‘जबाबदारी घेतली, रक्कम सांगितली नाही.’ किंवा ‘पत्रक मोघम, पण प्रश्नोत्तरांत चूक स्पष्ट कबूल केली, व्याज अठराव्या दिवशी जमा.’ किंवा ‘शब्द पुरे, काम नाही, ९० दिवस झाले.’ ‘खोटारडा’, ‘ढोंगी’ हे शब्द लिहू नका. ते तुम्हाला सिद्ध करता येत नाहीत आणि बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येऊ शकते. तारीख, वाक्य आणि कागद सिद्ध करता येतात.

संस्थेच्या सभेत मागितलेल्या माफीचं शेवटचं काम पुढच्या सभेत असतं. विषयपत्रिकेवर पहिला विषय बहुधा ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. मांडवातले निम्मे लोक तेव्हा अजून खुर्ची शोधत असतात. त्या वेळी उभं राहा. गेल्या वर्षी अध्यक्षांनी दिलेली कबुली आणि व्याजाचं वचन इतिवृत्तात आलंय का ते विचारा, आलं नसेल तर वहीतलं वाक्य तारखेसह वाचून दाखवा आणि ते नोंदवल्याशिवाय इतिवृत्त कायम करू नये, अशी सूचना मांडा. अनुमोदनासाठी शेजारच्या सभासदाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा.